फेफऱ्याची लाज कोणी बाळगावी?

आमच्या समाजाने रोगांचे दोन वर्ग पाडून ठेविले आहेत. वैद्यकाच्या कोणत्याही ग्रंथात हे वर्गीकरण सापडणार नाही. ते माजघरात झालेले आहे. पहिल्या वर्गातले रोग चारचौघांत सांगण्यासारखे आणि दुसऱ्या वर्गातले लपवून ठेवण्यासारखे. एखाद्या गृहस्थाला मधुमेह जडला, तर तो आल्यागेल्याला आपल्या रक्तातील साखरेचे आकडे हौसेने ऐकवितो, आणि ऐकणाराही आपल्या ओळखीच्या डॉक्टरचे नाव तितक्याच हौसेने सुचवितो. परंतु त्याच गृहस्थाच्या मुलीला फेफरे येत असेल, तर घराचे दार लागते, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोलणे तुटक होते, गोळ्यांची पाकिटे धान्याच्या डब्यामागे जातात, आणि "मुलगी जरा अशक्त आहे" एवढ्या वाक्यावर सर्वांची बोळवण होते. दोन्ही विकार शरीराचेच आणि दोहोंवरही औषध आहे. एकाविषयी हौस व दुसऱ्याविषयी लाज हा भेद शरीराने केलेला नाही, आम्ही केलेला आहे; आणि त्याची किंमत रोगी माणसाला कधी हाडे मोडून, कधी संसार मोडून आणि कधी प्राण देऊन भरावी लागते. ह्या लाजेचा हिशेब एकदा उघडपणे मांडावा, एवढाच आजच्या लेखाचा हेतू आहे.

प्रथम हा रोग आहे तरी काय, हे पाहू. फेफरे, मिरगी, आकडी, फीट अशा नावांनी तो लोकांत ओळखला जातो. त्याचे शास्त्रीय नाव अपस्मार. मनुष्याच्या मेंदूत अब्जावधी पेशी असून त्या अत्यंत सूक्ष्म विद्युत्प्रवाहाच्या साहाय्याने एकमेकींस निरोप पोचवितात. हे दळणवळण शिस्तीने चालले असता आपण चालतो, बोलतो, विचार करितो. काही कारणाने पेशींचा एखादा समूह एकाच वेळी व बेताल जोराने विद्युत् सोडू लागला, की त्या समूहाकडे जे काम सोपविलेले असेल ते बिघडते. हात हलविणाऱ्या भागात बिघाड झाला तर हाताला झटके येतात. तोच बिघाड सर्व मेंदूभर पसरला तर शुद्ध हरपते, शरीर ताठते, दातखीळ बसते, तोंडाला फेस येतो आणि हातपाय झाडले जातात. इंग्लंडातील डॉक्टर जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन ह्यांनी १८७३ साली ह्या रोगाचे मूळ मेंदूतील अशा आकस्मिक स्फोटात आहे असे प्रतिपादन केले. पुढे १९२९ साली जर्मनीतील हान्स बर्गर ह्यांनी मानवी मेंदूतील विद्युत्-लहरींचा आलेख प्रसिद्ध केला, तेव्हा जे अनुमान होते ते कागदावर डोळ्यांनी पाहता येऊ लागले. आज डॉक्टर ज्याला ई. ई. जी. म्हणतात तो हाच आलेख. जिला बाहेरची बाधा म्हणावयाचे, ती यंत्राच्या कागदावर रेघ उमटवून जाते, ह्याचा अर्थ भगतास लावता येत नसेल; विचारी मनुष्यास लागला पाहिजे.

हा रोग नेहमी हातपाय झाडूनच प्रकट होतो असेही नाही, आणि ही गोष्ट पालकांनी व विशेषतः शिक्षकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कित्येक मुलांत तो केवळ काही सेकंदांच्या शून्य दृष्टीच्या रूपाने येतो. मूल लिहिता लिहिता थांबते, एकटक पाहत राहते, हाक मारिली तरी ऐकत नाही, आणि क्षणात पुन्हा लिहू लागते. दिवसातून असे अनेक वेळा घडते. शिक्षक म्हणतात मुलाचे लक्ष नाही, घरी म्हणतात कार्टे आळशी आहे, आणि औषधाऐवजी त्याला छडी मिळते. दुसऱ्या काही रुग्णांत पोटातून काहीतरी वर चढल्यासारखे वाटते, मग माणूस ओठ चाटू लागतो, हाताने वस्त्र चाळवितो, भलतेच उत्तर देतो, आणि दोन मिनिटांनी त्याला ह्यातले काही आठवत नाही. त्यास वेडा ठरविणारे पुष्कळ भेटतात. मेंदूच्या डॉक्टरकडे नेणारा विरळा. अपस्मार म्हणजे वेड नव्हे, हे जितक्यांदा सांगावे तितके थोडेच.

येथे आमच्या प्राचीनत्वाच्या अभिमानी मित्रांस एक प्रश्न विचारावासा वाटतो. ज्या चरकसंहितेचे नाव आपण उठल्याबसल्या घेता, तिच्यात निदानस्थानी व चिकित्सास्थानी अशा दोन्ही ठिकाणी अपस्मारावर स्वतंत्र अध्याय आहेत. ज्यात स्मृती नाहीशी होते तो अपस्मार, असे नावातच लक्षण सांगून ग्रंथकाराने त्याचे वातादी दोषांवरून चार प्रकार केले व त्यांवर औषधे सांगितली. ती दोषांची मीमांसा आजच्या शास्त्राला मान्य नाही, हे खरे. परंतु हा रोग आहे आणि रोगावर चिकित्सा करावयाची असते, एवढे तरी त्या ग्रंथकारास निःसंशय कळले होते. ग्रीस देशात इसवी सनापूर्वी सुमारे ४०० वर्षे, हिपोक्रॅटिसच्या संप्रदायातील ग्रंथकाराने ह्याच रोगावर एक निबंध लिहिला. लोक त्यास दैवी रोग म्हणत असत. पण त्यात इतर रोगांहून अधिक दैवी असे काही नसून त्याचे स्थान मेंदूत आहे, आणि मांत्रिक लोक आपले अज्ञान झाकण्याकरिता देवाचे नाव पुढे करितात, असे त्याने स्पष्ट बजाविले. दोन हजार वर्षांपूर्वीचे लोक इतके पुढे गेले असता, ज्यांच्या खिशात आकाशवाणीहून अद्भुत यंत्रे आहेत अशा आम्ही आज लिंबू उतरून चौरस्त्यावर टाकावे, ह्यास अभिमान म्हणावे की अधोगती?

आता कारणांकडे वळू. अपस्माराचे एकच कारण नाही. बाळंतपण अडून मूल उशिरा रडले आणि तेवढ्या अवधीत त्याच्या मेंदूस प्राणवायू अपुरा मिळाला, तर पुढे फेफऱ्याचे बीज पडू शकते. मेंदूज्वर, डोक्यास झालेली जबर इजा, मेंदूतील गाठ, उतारवयातील अर्धांगाचा झटका ही दुसरी कारणे. काहींत आनुवंशिक प्रवृत्ती असते, आणि पुष्कळ रुग्णांत सर्व तपासण्या करूनही निश्चित कारण सापडत नाही. परंतु आमच्या देशात जे एक कारण विशेष आढळते आणि जे पूर्णपणे टाळण्याजोगे आहे, त्याकडे वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधितो. ते म्हणजे डुकराच्या मांसातून येणाऱ्या पट्टकृमीची मेंदूत वाढलेली पिल्ले.

हे वाचून शाकाहारी वाचक निश्चिंत होतील. पण त्यांनी तसे होऊ नये. कच्चे राहिलेले मांस खाणाऱ्याच्या आतड्यात हा कृमी वाढतो, हे खरे; मेंदूतील गाठी मात्र त्या कृमीची अंडी पोटात गेल्याने होतात, आणि ती अंडी बाहेर पडतात माणसाच्या विष्ठेतून. उघड्यावरील शौच, त्याच मैल्याचे पाणी घातलेली पालेभाजी, न धुतलेले हात आणि त्या हातांनी वाढलेले अन्न, ह्या वाटेने ती अंडी ज्याने जन्मात मांसाला स्पर्श केला नाही अशा माणसाच्या पोटात जातात आणि तेथून रक्तावाटे मेंदूत पोचतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे ज्या प्रदेशांत ह्या कृमीचे ठाणे आहे, तेथील अनेक ठिकाणी अपस्माराच्या सुमारे ३० टक्के रुग्णांचे कारण तोच असतो. म्हणजे सोवळ्याने जे अडत नाही ते संडास, स्वच्छ पाणी आणि साबण ह्यांनी अडते. शेजाऱ्याच्या घाणीशी आपला काय संबंध, असे म्हणणाऱ्यास निसर्गाने दिलेले हे उत्तर आहे.

स्पर्शाने, उष्ट्याने अथवा तोंडच्या फेसाने हा रोग पसरत नाही. तेव्हा रोग्याचे ताट वेगळे करणे हा शुद्ध निर्दयपणा होय. आनुवंशिकतेची भीतीही प्रमाणाबाहेर फुगविलेली आहे. आईला किंवा बापाला अपस्मार असला तरी शंभरांपैकी नव्वदाहून अधिक मुलांस तो होत नाही. त्याचप्रमाणे सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या कित्येक लेकरांस कडक ताप चढला असता आकडी येते. त्यांतील बहुतेक मुले मोठी होतात ती पूर्ण निरोगी, आणि त्यांच्या कपाळी अपस्माराचा शिक्का मारण्याचे कारण नसते. ताप, साखर एकाएकी उतरणे, मद्यप्याचे मद्य अचानक सुटणे अशा तात्कालिक कारणावाचून फेफरे पुन्हा पुन्हा येण्याची प्रवृत्ती, तिला अपस्मार म्हणावयाचे. ही निवड डॉक्टरने करावयाची असते, आणि ती मुख्यत्वे झटक्याच्या हकिकतीवरून होते. आलेख कित्येकदा स्वच्छ निघतो, तरी रोग असू शकतो. म्हणून झटका पाहणाऱ्याने त्याचे भ्रमणध्वनीवर चित्रण करून डॉक्टरास दाखविले, तर ते महागड्या तपासणीइतके उपयोगी पडते. पण जेथे झटका पाहिला हे कबूल करावयाचीच चोरी, तेथे हकिकत सांगणार कोण?

ह्या रोगावर औषध आहे काय? आहे, आणि आजचे नव्हे. १८५७ साली लंडनचे सर चार्ल्स लोकॉक ह्यांनी ब्रोमाइडचा उपयोग पुढे मांडला. १९१२ साली जर्मनीत आल्फ्रेड हाउप्टमान ह्यांनी फिनोबार्बिटोनचा गुण दाखविला. १९३८ साली अमेरिकेत मेरिट व पटनम ह्यांनी फेनिटोइन आणिले. त्यानंतर कार्बामॅझेपिन, व्हॅल्प्रोएट, लेव्हेटिरासिटॅम अशी औषधे निघाली, आणि ह्यांपैकी मुख्य मुख्य औषधे आपल्या सरकारच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहेत. जगात सुमारे ५ कोटी माणसांस हा विकार असून, योग्य निदान व औषध मिळाल्यास त्यांतील ७० टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांपासून मुक्त राहू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तीच संघटना असेही सांगते, की गरीब देशांतील तीन चतुर्थांश रुग्णांस हे औषध मिळत नाही. आपल्या देशात अशा रुग्णांची संख्या एक कोटीच्या घरात किंवा त्याहूनही अधिक असावी, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. गोळ्यांनी ज्यांस गुण येत नाही अशांपैकी काहींस शस्त्रक्रियेचा उपाय लागू पडतो; त्रिवेंद्रमच्या श्रीचित्रा तिरुनाल संस्थेने १९९५ सालापासून तो आपल्या देशात रीतसर चालविला आहे. ज्या रोगावर शंभर वर्षांहून जुने औषध आहे, त्याने आजही माणसे मरावीत, ह्यात दोष औषधाचा खचित नाही.

औषधाचा गुण मात्र ते नियमाने घेण्यात आहे. फेफरे सहा महिने आले नाही म्हणजे रोग गेला, असे समजून गोळी सोडणारे असंख्य. डॉक्टर साधारणपणे निदान दोन वर्षे झटका आला नाही असे पाहून, मग हळूहळू मात्रा उतरवीत औषध थांबवितात, आणि तेही सर्वांचे नव्हे. एकाएकी गोळी तोडली, तर दबलेला रोग उसळून एकामागून एक झटके येऊ लागतात. झटका पाच मिनिटांहून अधिक टिकला, अथवा मध्ये शुद्ध न येता दुसरा सुरू झाला, तर तो जिवावरचा प्रसंग समजून तत्काळ रुग्णालय गाठले पाहिजे. विलंबाने मेंदूस कायमची इजा होते आणि प्राणही जातो. ह्याशिवाय पाणी भरताना विहिरीत तोल जाणे, चुलीवर पडून भाजणे, नदीवर धुणे धुताना बुडणे, हे ह्या रोगाचे आमच्याकडील नित्याचे अपघात होत. ज्यांचे मोठे झटके औषधाने आवरलेले नसतात, त्यांस क्वचित झोपेतच अकस्मात मरण येते. मृत्यूच्या दाखल्यावर बुडून अथवा भाजून असे कारण लिहिले जाते. लाजेने, असे कोणी लिहीत नाही.

झटका आला असता आम्ही काय करितो, तेही पाहण्यासारखे आहे. एक जण कांदा फोडितो, दुसरा पायातील वहाण नाकाशी धरितो, तिसरा मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबितो, चौथा दातांत चमचा घालून दात तरी पाडितो किंवा आपले बोट तरी गमावितो. बहुतेक झटके एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबतात. तेवढ्यात वहाण नाकाशी आली म्हणजे श्रेय वहाणेस मिळते, आणि ही विद्या पुढच्या पिढीस सोपविली जाते. खरे कर्तव्य इतके साधे आहे, की ते लहान मुलासही शिकविता यावे. आसपासच्या टणक व धारदार वस्तू दूर कराव्या. डोक्याखाली मऊ काही ठेवावे. गळ्याचे बंध सैल करावे. हातपाय दाबून धरू नये. तोंडात काहीही, पाणीसुद्धा, घालू नये. झटके शमताच रोग्यास कुशीवर वळवावे, म्हणजे लाळ बाहेर येऊन श्वास मोकळा राहील. आणि घड्याळ पाहावे. शुद्धीवर आल्यावर भोवती जमलेल्या गर्दीकडे त्याने प्रथम पाहावे, त्यापूर्वी ती गर्दी हटविणे हेही औषधच होय.

भगत, देवऋषी व मांत्रिक ह्यांच्या संबंधाने आता केवळ उपदेशाची पाळी राहिलेली नाही. महाराष्ट्राने २०१३ साली केलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने, भूत उतरविण्याच्या नावाखाली माणसास दोराने अथवा साखळीने बांधणे, मारहाण करणे, वहाणा भिजविलेले पाणी पाजणे, मिरचीची धुरी देणे हे गुन्हे ठरविले असून त्यांस सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा सांगितली आहे. ह्या यादीतील एकेक प्रकार वाचावा म्हणजे अपस्माराचे किती रोगी ह्या मार्गाने गेले असतील त्याची कल्पना येते. कायदा झाला, पण मुलीला धुरीपुढे बसविणारा बापच असला, तर तक्रार कोणी करावयाची? कायद्याला माजघरात शिरण्याचा परवाना शेजारी देतो, आणि आमचा शेजारी अद्याप बोलत नाही.

येथवर जे सांगितले ते बहुतेक वाचकांस मान्य होईल. खरी अडचण पुढे आहे, आणि ती विवाहाची. मुलीचे स्थळ पाहावयाचे म्हणजे तिच्या गोळ्या लपवावयाच्या, हा आमचा शिष्टसंमत मार्ग. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे म्हणून आईबाप मूठ झाकून मुलीस सासरी धाडितात. ह्या मुठीत पुढे काय घडते, ते वैद्यकाच्या दृष्टीने पाहा. अपुरी झोप आणि चुकलेली गोळी ही झटका उठविण्याची दोन ठळक निमित्ते आहेत. लग्नघरात आठवडाभर जागरण, उपासतापास, दगदग. सासरी पाऊल टाकताच गोळी कोणाच्या दृष्टीस पडेल ह्या भीतीने ती चुकविणे. आणि भोवती सर्व परकी माणसे. म्हणजे झटका यावा म्हणून जी सामग्री जमवावी लागती, ती सर्व आईबापांनी स्वतःच्या हाताने जमवून दिली. पहिल्या पंधरवड्यातच मुलगी भर स्वयंपाकघरात कोसळते, फसविले म्हणून ओरड होते, आणि माहेरचा रस्ता धरावा लागतो. औषध चालू असते तर कदाचित जो झटका आलाच नसता, तो लपवालपवीने ओढून आणिला. ती मूठ सव्वा लाखाची नव्हती. तिच्यात मुलीचा जीव होता.

कायद्याची गोष्ट वाचकांस ठाऊक असावी म्हणून सांगतो. १९७६ साली हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती होऊन वेडाबरोबर अपस्माराचे वारंवार झटके हेही विवाहास अपात्रतेचे कारण म्हणून घालण्यात आले. तशीच तरतूद विशेष विवाह कायद्यातही झाली. मेंदूच्या एका साध्य विकारास वेडाच्या पंगतीस बसविण्याचा हा अन्याय २३ वर्षे चालला. अखेर १९९९ च्या दुरुस्तीने "अपस्मार" हा शब्द दोन्ही कायद्यांतून काढून टाकण्यात आला. म्हणजे आज ह्या रोगाचे माणूस कायद्याने विवाहास सर्वस्वी पात्र आहे. परंतु महत्त्वाची गोष्ट लपवून संमती मिळविली, ही फसवणूक झाली, असा वाद घालण्यास त्याच कायद्यात अद्याप जागा आहे. सारांश, कायदा रोगाला अडवीत नाही. लपविण्याला मात्र संरक्षण देत नाही. दुर्दैव असे की, कायद्याच्या पुस्तकातून जो शब्द गेला, तो वधूपरीक्षेच्या बैठकीतून गेला नाही.

ह्यावर आम्हांस कोणी विचारतील, "सुधारकहो, सांगणे सोपे आहे. आमची मुलगी रोगी आहे असे आम्ही सांगितले, तर तिला करणार कोण? तिच्या धाकट्या बहिणीचेही लग्न अडेल. तुमच्या अग्रलेखाने तिला नवरा मिळणार आहे काय?" हा प्रश्न खोटा नाही, आणि त्यास कठोरपणे उडवून लावणे हे अन्यायाचे होईल. खरे बोलल्याने काही स्थळे जातील. कदाचित पुष्कळ जातील. परंतु जी स्थळे खरे ऐकून जातात, ती लग्नानंतर खरे कळल्यावर थांबली असती, असे कोण मानील? गोळी उघडपणे उशाशी ठेवता येईल असे एक घर मिळणे बरे, की गोळी लपवावी लागेल अशी दहा घरे सांगून येणे बरे? लग्न उशिरा होईल. न झाले तर मुलगी शिकेल, मिळवील, आपल्या पायांवर उभी राहील. आणि एवढे झाल्यावरही हा प्रश्न एकट्या बापाने सोडवावयाचा नाही. तो वरपक्षाकडील लोकांनी सोडवावयाचा आहे. म्हणून आमचा रोख मुलीच्या बापाकडे थोडा आणि मुलाच्या बापाकडे अधिक आहे. बाप खोटे बोलतो हे खरे. पण खरे बोलण्याचा दंड त्याला आम्हीच ठेविला आहे.

आणि मुलाच्या बाबतीत आमचा न्याय कसा चालतो, तेही पाहावे. मुलग्यास फेफरे येत असले तर म्हणतात, लग्न करून द्या म्हणजे जाईल. एका निरपराध मुलीचा औषधासारखा उपयोग करावा आणि गुण न आला तर पांढऱ्या पायाची म्हणून तिलाच दोष द्यावा, ह्यास काय म्हणावे? लग्न हे अपस्माराचे औषध असल्याचे वैद्यकास ठाऊक नाही. पुरुषाचा रोग झाकण्यास बायको आणि बायकोचा रोग उघडा पाडण्यास सारे गाव, ही तराजू एकीकडे कलती आहे. रोग स्त्रीपुरुष पाहून येत नाही. कलंक मात्र पाहून लागतो.

लपविण्याचा सर्वांत गंभीर परिणाम गरोदरपणी होतो, आणि तो दोन जिवांवर होतो. ह्या रोगाच्या बहुसंख्य स्त्रियांस निरोगी मुले होतात. परंतु व्हॅल्प्रोएटसारखे औषध गर्भास घातक असते. त्याने मुलाच्या पाठीच्या कण्यात व्यंग येण्याचा आणि पुढे बुद्धीच्या वाढीस अडथळा होण्याचा धोका वाढतो. म्हणून गर्भ राहण्यापूर्वीच डॉक्टरने औषध बदलावे, मात्रा ठरवावी आणि फॉलिक आम्ल सुरू करावे लागते. काही औषधांनी संततिनियमनाच्या गोळ्यांचा गुणही कमी होतो. ज्या सुनेने नवऱ्यालाही रोग सांगितलेला नाही, ती हे सर्व कोणास विचारणार? ती गर्भाच्या भीतीने सर्वच गोळ्या एकदम सोडिते, आणि मोठ्या झटक्यात आई व मूल दोघेही संकटात सापडतात. येथे एका खऱ्या वाक्याने जे वाचते, ते पुढे सबंध रुग्णालयास वाचविता येत नाही.

मग करावे काय? सरकारने प्राथमिक आरोग्य केंद्रांत ही औषधे अखंड ठेविली पाहिजेत. औषध संपले आहे, पुढच्या आठवड्यास या, हे उत्तर खोकल्याच्या रोग्यास कदाचित चालेल. अपस्माराच्या रोग्यास ते झटक्याचे आमंत्रण आहे. बाळंतपणे सुरक्षित करणे आणि मैल्याची विल्हेवाट नीट लावणे, ह्यांनी हा रोग मुळातच घटतो. जागतिक आरोग्य परिषदेने २०२२ साली अपस्मार व मेंदूच्या इतर विकारांसंबंधी २०३१ पर्यंतची कृतियोजना मंजूर केली आहे. ती कागदावरून तालुक्यापर्यंत उतरविणे हे आमच्या कारभाऱ्यांचे काम. शिक्षणखात्याने प्रत्येक शिक्षकास प्रथमोपचार आणि शून्य दृष्टीच्या झटक्याची ओळख शिकवावी, आणि फेफरे आले म्हणून मुलाचे नाव शाळेतून काढू देऊ नये. कारखानदाराने उंचीवरचे, यंत्राजवळचे अथवा वाहन चालविण्याचे काम अशा माणसास न देता दुसरे द्यावे; काम मात्र द्यावे. दर वर्षी १७ नोव्हेंबरला राष्ट्रीय अपस्मार दिन पाळला जातो, त्या दिवशी व्याख्याने होतात. ती गावच्या चावडीवर व बचतगटांच्या बैठकींत झाली, तर त्यांचा उपयोग होईल.

परंतु सर्वांत मोठे काम सरकारचे नाही. रोगाचा इलाज डॉक्टरपाशी आहे. लाजेचा इलाज आमच्यापाशी आहे. ज्या घरात हा रोग आहे, त्या घराने तो मधुमेहासारखा उच्चारावा. ज्या घरात नाही, त्या घराने तो ऐकून भुवया उंचावू नयेत. शिकलेल्या तरुणांनी, विशेषतः जे आपणांस सुधारलेले म्हणवितात त्यांनी, सांगून आलेल्या मुलीच्या ह्या एका दोषावरून, तिचे झटके औषधाने आवरलेले असता, नकार देण्यापूर्वी स्वतःस विचारावे, की लग्नानंतर हाच रोग आपणांस झाला तर तिने आपणांस टाकावे काय? डोक्यास मार लागून अथवा उतारवयी अर्धांग होऊन तो कोणासही होऊ शकतो. त्याने अद्याप कोणाचे कुळ, गोत्र किंवा पदवी विचारलेली नाही.

शरीर आपला धर्म पाळते. कारण घडले म्हणजे आजारी पडते आणि औषध मिळाले म्हणजे सुधारते. त्यात लाजण्यासारखे काही नाही. औषध हाताशी असता ते लपवून घ्यावयास लावणारा, खरे बोलणाऱ्यास शिक्षा करणारा आणि पडलेल्या माणसाच्या नाकाशी वहाण धरणारा जो समाज, लाज कोणास वाटावयाची असेल तर ती त्यास वाटली पाहिजे.